उरलेला एक बदल

आई मुलाकडे राहायला आली तेव्हा तिच्या बॅगेत कपडे कमी आणि सिनेमे जास्त होते. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात एकावर एक रचलेल्या डीव्हीडी, आणि ओरखडे पडू नयेत म्हणून मध्ये मध्ये जुन्या सुती कापडाच्या घड्या. विमानतळावर बॅग उचलताना मुलगा म्हणाला, "आई, दगड भरलेस का यात?"

"दगड कशाला? सीड्या आहेत," आई म्हणाली. गोल आणि चकचकीत असेल ते सगळं तिच्या लेखी सीडी.

तिचं अख्खं आयुष्य एका थिएटरच्या तिकीटखिडकीत गेलं होतं. नवरा तिथेच ऑपरेटर. वरच्या खोलीत तो मशीन चालवायचा आणि खाली ती खिडकी सांभाळायची. खेळ सुरू झाला तरी उशिरा येणारे येतच राहायचे, त्यामुळे खिडकी आवरून ती आत जाऊन बसेपर्यंत मध्यंतर उलटून गेलेलं असायचं. शेकडो सिनेमांचे शेवट तिला तोंडपाठ होते, सुरुवात मात्र एकाचीही ठाऊक नव्हती. नायक तुरुंगातून सुटताना तिने कितीदा तरी पाहिला होता. तो आत का गेला, हे कधीच नाही. पुढे नवरा गेला, थिएटर बंद पडलं, तिथे पंख्यांचं गोदाम झालं. तेव्हा तिने ठरवलं की आता एकेक सिनेमा पहिल्यापासून बघायचा.

ते सिनेमे तिला मिळवून दिले बॅटरीमामाने. हा थिएटरचा डोअरकीपर. अंधारात बॅटरीचा झोत पायाशी टाकून लोकांना खुर्चीपर्यंत नेणारा, म्हणून बॅटरीमामा. थिएटर बंद पडल्यावर त्याने समोरच्या फुटपाथवर डीव्हीडी विकायला सुरुवात केली होती. आईला तो ताई म्हणायचा. एकेक जुना सिनेमा शोधून आणायचा आणि वेष्टनावरचा चकाकणारा शिक्का दाखवून म्हणायचा, "ओरिजिनल आहे हं ताई. तुला डुप्लिकेट देईन का मी?"

मुलगा दुसऱ्या देशात, एका चष्म्याच्या दुकानात काम करायचा. गिऱ्हाइकाच्या नंबरप्रमाणे काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. हात स्थिर, नजर बारीक, आणि घरातलं कुठलंही यंत्र आपण नीट करू शकतो याचा थोडा तोरा. त्याची बायको कर्णबधिरांची खुणांची भाषा शिकत होती. परीक्षा पास झाली की इस्पितळात दुभाषीचं काम मिळणार होतं. तिचे धडेही डीव्हीडीवरच होते. रोज संध्याकाळी बैठकीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर उभी राहून ती हातवारे करायची. डीव्हीडी लावायला घरात तेवढा एक कॉम्प्युटरच होता.

पहिल्या रविवारी मुलाने आईची डीव्हीडी आत सरकवली. पडद्यावर चौकट आली: ही डिस्क जगाच्या दुसऱ्या भागाची, दुसऱ्या रीजनची आहे. रीजन बदलायचा? शिल्लक बदल: पाच. त्याने पुरतं न वाचताच 'हो' दाबलं. सिनेमा सुरू झाला.

आई खुर्ची पुढे ओढून बसली. दहा मिनिटांतच ओरडली, "अगंबाई, हे दोघे सख्खे भाऊ होय! मी इतकी वर्षं समजत होते शेजारी आहेत." सून हसून हसून वाकली. संध्याकाळभर आई फोनवर ओळखीच्यांना सांगत होती, "आमच्याकडे काही अडत नाही. त्याने नुसतं बोट लावलं की चालू."

सोमवारी बायकोचा धडा लागेना. तीच चौकट आली. "काय झालं रे याला?" तिने विचारलं. "काही नाही, सेटिंग हललंय," म्हणत त्याने रीजन परत इकडचा केला. पुढच्या रविवारी आईसाठी तिकडचा. सोमवारी पुन्हा इकडचा. या वेळी मात्र बदल झाल्यावर चौकटीतल्या आकड्यावर त्याची नजर अडकली. शिल्लक बदल: एक. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की शेवटचा बदल केल्यावर ड्राइव्ह त्याच रीजनवर कायमचा राहील. त्याने इंटरनेटवर शोधलं. कॉम्प्युटर सगळा पुसून नव्याने लावला तरी हा आकडा पुसला जात नव्हता.

म्हणजे आईसाठी आता एकदा जरी बदललं, तर बायकोचे धडे कायमचे बंद. परीक्षा तर तोंडावर आलेली.

यात न सुटण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या साडूचं टीव्ही-फ्रिजचं दुकान होतं. साडूने आई आली त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं, "त्यांच्यासाठी वेगळा प्लेअर ने माझ्याकडून. सगळ्या रीजनचा मिळतो. कॉम्प्युटरशी खेळत बसू नकोस, फसशील." यावर तो ऐटीत म्हणाला होता, "मला नको सांगूस रे, माझं व्यवस्थित चाललंय." आता त्याच दुकानात जायचं म्हणजे फसलो हे कबूल करायचं. आज जाऊ, उद्या जाऊ करत तो टाळत राहिला.

रविवारी साडू आणि मेहुणी जेवायला आले. जेवणं झाली, ताटं उचलली गेली. आई डबा घेऊनच बाहेर आली. तिने केस नीट विंचरले होते.

"आज सगळे मिळून बघू या," ती म्हणाली. "हा सिनेमा आमच्याकडे चार महिने चालला होता. लाव रे. याच्या हाताला जादू आहे बरं का," ती साडूला म्हणाली.

साडूने भुवया उंचावल्या. "बघू तरी, काय जादू केलीय ती."

मुलाने डीव्हीडी आत घातली. चौकट आली. त्याने पाठीने पडदा झाकला आणि चौकट बंद केली. आई, यापुढे या कॉम्प्युटरवर तुझे सिनेमे लागणार नाहीत, माझी चूक झाली, एवढं वाक्य बोलायचं होतं. पण मागे साडू दात कोरत बसला होता.

"आई," तो म्हणाला, "या नकली आहेत गं."

"काय?"

"डुप्लिकेट. नकली माल असाच असतो. एक-दोनदा चालतो नि मग बसतो. तुला फसवलं कुणीतरी."

"पण त्या तर आपल्या भाऊने दिल्यात," आई म्हणाली. "बॅटरीमामाने."

"मग त्यालाही कुणी फसवलं असेल. नाहीतर..." त्याने वाक्य तिथेच सोडलं.

साडू हसला. "रस्त्यावरचा माल तो. आणखी काय निघणार त्यातून?"

आईने डबा मांडीवर घेतला. झाकण लावताना ते नीट बसेना. दोनदा दाबून पाहिलं, मग तसंच ठेवलं. "एवढं ओझं घेऊन आले मी," ती मेहुणीकडे बघत म्हणाली, आणि उगाच हसली. "तुम्हाला उगाच बसवून ठेवलं. सॉरी हं." पाहुण्यांसमोर खाली बघायची वेळ तिच्यावर आली होती, आणि ती आणली होती त्याने. त्याला ते त्याच क्षणी कळलं. तरी तो उठला आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाथरूममध्ये दाढी करत असताना बाहेरून आईचा आवाज आला. ती फोनवर होती.

"नाही भाऊ, मी भांडायला फोन नाही केला. पण मला सांगायचंस तरी. परक्या मुलखात, पाहुण्यांसमोर माझी शोभा झाली... अरे, मुलगा खोटं का सांगेल? त्याने स्वतः लावून बघितल्या... नाही, दोन चालल्या, आता एकही चालत नाही... असू दे आता. पण तुझ्याकडून हे वाटलं नव्हतं मला."

त्याने नळ पूर्ण सोडला. पाण्याच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही. आरशात अर्ध्या तोंडाला फेस लागलेला माणूस उभा होता, आणि तो त्याच्याकडे बघायचं टाळत होता. लहानपणी हाच मामा त्याला तिकिटाशिवाय आत सोडायचा, भिंतीकडेला स्वतःचं स्टूल द्यायचा आणि स्वतः पूर्ण खेळभर उभा राहायचा. बाहेर जाऊन फोन हिसकावून घ्यावा, खरं सांगून टाकावं, असं मनात आलं. पण तोंड धुऊन तो बाहेर आला तोवर आईने फोन ठेवला होता. ती पोळपाटासमोर उभी होती. त्याने जेवणाचा डबा उचलला आणि कामावर गेला.

नंतर आईने सिनेमाचं नाव काढलं नाही. सिनेमांचा डबा पलंगाखाली गेला. संध्याकाळी ती सुनेच्या शेजारी उभी राहून खुणा शिकू लागली. पाणी, भूक, बस, उद्या. सून म्हणायची, "आई, तुमचे हात माझ्यापेक्षा छान वळतात." तो कोपऱ्यात बसून त्या दोघींकडे बघायचा. प्लेअर आणायचा विचार रोज यायचा. पण आता प्लेअर आणला तर त्यावर त्या 'नकली' डीव्हीडी चालणार, आणि मग? खोटं झाकून ठेवायचं तर प्लेअर घरी आणणं परवडत नव्हतं. दुकानात काचा घासताना दोनदा कड तुटली. मालक म्हणाला, "लक्ष कुठंय?"

मग एक दिवस पार्सल आलं. तिकडचं होतं, सुतळीने आवळून बांधलेलं. आईने सुरीने सुतळी कापली. आत त्याच सगळ्या सिनेमांच्या नव्या कोऱ्या डीव्हीडी होत्या, वेष्टनात सीलबंद. सोबत काही लिहिलेलं नव्हतं.

"भाऊने पाठवल्या!" आई म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा झाला होता. "बघ, मनाने खाल्लं असेल त्याला. मीही जरा जास्तच बोलले. लाव, लाव एक."

"आत्ता नको. आत्ताच कामावरून आलोय."

"एकच. नुसतं सुरू होतंय का बघ. मग मी त्याला फोन करते."

त्याने सील काढलं. डीव्हीडी आत घातली. चौकट आली. आई त्याच्या खांद्याशी उभी होती, पण तिला इकडची भाषा वाचता येत नव्हती. त्याने घसा साफ केला.

"बघ," तो म्हणाला, "याही..."

"हे तर तेच आहे," मागून बायको म्हणाली. ती हातात वही घेऊन धड्याला आली होती. "माझ्या धड्याच्या वेळी आलं होतं ते. रीजनचं. तू एका मिनिटात काढलंस की ते." ती वाकून वाचू लागली. "शिल्लक बदल एक. म्हणजे काय?"

चौकट बंद करायला त्याने हात पुढे केला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग आईकडे. "म्हणजे या नकली नाहीत," ती हळूच म्हणाली.

"नाहीत," तो म्हणाला.

"आणि आधीच्या?" आईने विचारलं.

"त्याही नाहीत."

आई खुर्चीत बसली. तो उभ्या उभ्याच सांगू लागला, भरभर, जणू सगळं एका दमात सांगितलं की संपेल. "आई, डीव्हीडी बनवणाऱ्यांनी जगाचे भाग पाडलेत. सिनेमा एका देशात आधी लागतो, दुसऱ्यात काही महिन्यांनी. आधीच्या देशातली डीव्हीडी दुसरीकडे पोचली तर तिथे थिएटरात कोण जाईल? शिवाय प्रत्येक देशात विकायचे हक्क वेगळ्या माणसाकडे, किंमत वेगळी. म्हणून तिकडची डिस्क इकडच्या मशीनवर लागू नये असं कुलूप घालतात. कॉम्प्युटरवर ते फक्त पाच वेळा बदलता येतं. मी चारदा बदललं. पाचव्यांदा केलं असतं तर हिचा कोर्स..."

"माझ्या कोर्सचं नाव पुढे करू नकोस," बायको म्हणाली. "मला विचारलं होतंस?"

आई त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं.

"आपल्याकडे सिनेमा कधी यायचा?" तिने विचारलं. "मोठ्या शहरात उतरला की मग. वितरकाची हद्द असायची. पलीकडच्या गावातलं थिएटर आपल्या आधी रिळांची पेटी मागवायला लागलं की तुझे बाबा भांडायला जायचे. हद्दीवरून सगळी भांडणं. मी जन्मभर हेच बघितलं रे. तू मला दोन वाक्यांत सांगितलं असतंस, तर मी म्हटलं असतं, बरं, राहू दे, तिची परीक्षा होऊ दे. एवढंच म्हटलं असतं."

"माहितीय."

"मग का?"

साडू बसला होता म्हणून, हे तोंडातून निघत नव्हतं. निघालं तेव्हा इतकं क्षुल्लक वाटलं की बायकोने मान फिरवली.

आईने फोन उचलला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. "तूच बोल."

बॅटरीमामाचा आवाज आला. "ताई? पोचलं का पार्सल? या वेळी वेगळ्या ठिकाणाहून घेतल्यात. चालल्या ना?"

"मामा, मी बोलतोय."

"अरे, तू! मोठा माणूस! बोल, बोल."

त्याने सांगितलं. बायको आणि आई समोर बसून ऐकत होत्या, त्यामुळे काही गाळता आलं नाही. पलीकडे फुटपाथवरच्या गाड्यांचे आवाज येत राहिले.

"म्हणजे माल चांगला होता," शेवटी मामा म्हणाला.

"हो मामा. सगळा ओरिजिनल. माझं चुकलं. मला माफ करा."

"असू दे रे, असू दे," मामा घाईघाईने म्हणाला. "पण एक झालं बघ. ताईचा फोन आला, तसा मी तडक गेलो होलसेलवाल्याकडे. बारा वर्षं माल घेतोय त्याच्याकडून. डोकं फिरलं होतं माझं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. सगळ्यांसमोर चोर म्हटलं मी त्याला. तो शपथा घेत होता बिचारा. त्याच्या थोरल्या मुलीसमोर म्हटलं."

मुलाने डोळे मिटले. "मामा, त्यांचा नंबर द्या. मी फोन करतो. सगळं माझ्यावर घेतो."

"तू कोण त्याचा?" मामा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तोंड माझं सुटलं. मलाच जावं लागेल. बघू, दारात उभं करतो का. ताईला दे फोन."

आईने फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. बराच वेळ नुसतं तिचं "हो भाऊ... नाही भाऊ..." ऐकू येत होतं. एकदा नाक ओढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तो साडूच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत दाराशी ताटकळला. साडू चिडवेल, टोमणे मारेल, अशी तयारी करून गेला होता; किंबहुना ते व्हावं असंच वाटत होतं. त्याने सगळं सांगितलं. नकली म्हटलं तेही, मामाचंही. साडूने खालच्या फळीवरून खोकं काढलं, रिमोटची चार बटणं दाबून प्लेअर सगळ्या रीजनला मोकळा केला आणि परत खोक्यात घातला. "मीही रस्त्यावरचा माल म्हटलं होतं त्या दिवशी," तो म्हणाला. "आईंना सांग, मी येऊन जाईन." हसला नाही. मुलगा खोकं काखेत धरून चालत घरी आला.

आईने सिनेमे बघितले. तोंड फिरवून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. रोज दुपारी एक लावायची, सून घरी असली तर तिला शेजारी बसवायची. सुनेची परीक्षा चांगली गेली. होलसेलवाल्याने मामाला उभं केलं, पण माल आता रोख घेऊन देतो आणि चहाला थांब म्हणत नाही, असं मामानेच आईला सांगितलं. मुलाने मामाला पुन्हा दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मामा गोड बोलला, हवापाण्याचं विचारलं आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवला.

आईच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं म्हणून एक दिवस तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर इकडच्या भाषेत बोलले आणि तो तिला सगळं समजावत गेला. घाबरण्यासारखं काही नाही, झीज आहे, ही गोळी सकाळी जेवणानंतर, ही रात्री, जिने कमी चढायचे. आई मान हलवत होती. "बरं," म्हणाली. घरी येताना दोघे बसमध्ये शेजारी बसले. तिने खिडकीतून दिसलेल्या कुत्र्याची गंमत त्याला दाखवली, आणि दोघे हसलेही.

घरी आल्यावर तो बूट काढत बाहेरच्या खोलीत बसला. आत ओट्याशी सून भाजी चिरत होती. आईने पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढला, चष्मा पुसला आणि तो तिच्यापुढे धरला.

"जरा वाच गं," ती आवाज खाली आणून म्हणाली. "झीजच लिहिलंय ना नक्की? दुसरं काही नाही ना?"

सुनेने हात पुसून कागद घेतला. वाचायच्या आधी तिने दारातून बाहेर पाहिलं. त्याने खाली मान घातली आणि बुटाची नाडी, सुटलेली होती तरी, पुन्हा सोडवत बसला.